दुसऱ्या बाजूची बावीस मिनिटं

ॲथलोन, आयर्लंड
९ नोव्हेंबर २०२४

श्री. प्रताप यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली भेट कधी झालेली नाही. मी उर्मिला, इंद्रनीलची बायको. तुमचा पत्ता त्याच्या कॉलेजच्या डायरीत मिळाला. त्यातला फोन नंबर सहा आकडी आहे, तो आता लागत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. तुम्ही अजून त्याच घरी असाल अशी आशा आहे.

इंद्रनील १७ ऑगस्टला गेला. शनिवार होता. सकाळी गवत कापायचं मशीन शेडमधून बाहेर काढलं, आणि जरा बसतो म्हणून पायरीवर बसला. ॲम्ब्युलन्स लवकर आली, पण उपयोग झाला नाही. बावन्न वर्षांचा होता. आमची मुलगी रेवा डब्लिनला शिकते. ती पंधरा दिवस राहिली आणि परत गेली. मी इथे एका शाळेत विज्ञानाची लॅब सांभाळते. आता कामावर जायला लागले आहे.

तुम्हाला लिहायचं कारण वेगळं आहे. त्याच्याकडे एक जर्मन रेकॉर्ड होती, उंटर डेम मूर नावाची. बँडचं नाव मोर्गनटोर, १९७२ सालची. कव्हरवर तपकिरी सपाट जमीन आहे आणि तिच्यात अर्धी बुडालेली एक लाकडी खुर्ची. तेरा वर्षं दर शनिवारी दुपारी तीन वाजता तो मागच्या खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा आणि तिची दुसरी बाजू ऐकायचा. त्या बाजूला एकच लांब गाणं आहे. मी तेव्हा स्वयंपाकघरात असायचे. मला संगीतातलं काही कळत नाही, पण दारातून येणारा तो आवाज मला पाठ होता. जड, संथ, पाण्याखालून यावा तसा.

गेल्या महिन्यात मी धीर करून ती रेकॉर्ड लावली. तो आवाज नाही. गाणं तेच असावं, पण घाईत आहे. गाणाऱ्याचा आवाज पातळ, कुणी तरुण मुलगा ओरडत असावा तसा. ३३च्या वेगावरच लावली होती, ते मी तपासलं. दोनदा लावून पाहिली, मग बंद केली.

डायरीत तुमच्या नावापुढे त्याने याच रेकॉर्डचं नाव लिहिलं आहे. त्याच्याकडे आणखी एखादी प्रत होती का? कुणाला दिली का? मला तो आवाज परत हवा आहे, एवढंच. त्रास देते आहे, क्षमा असावी.

आपली,
उर्मिला


पुणे
२ डिसेंबर २०२४

उर्मिलावहिनी,

तुमच्या नावाआधी काय लिहावं ते कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही.

पत्र पोस्टमनने हातात दिलं. बाहेरचं तिकीट पाहून मला वाटलं नील्याचंच आहे. म्हटलं, आली शेवटी आठवण! जिन्यातच उभा राहून फोडलं. मग तिथेच बसलो. वरच्या मजल्यावरचे लोक माझ्या बाजूने वाट काढत खाली गेले.

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. दोन दिवस कसंबसं शिकवलं आणि घरी येऊन नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरलो. माझी बायको पद्मिनी म्हणाली, "रडा एकदाचे, नाहीतर कपाटं तरी आवरा." मी कपाटं आवरली.

आता तुमच्या प्रश्नाचं. दुसरी प्रत असेल असं मला वाटत नाही. ती रेकॉर्ड जर्मनीतसुद्धा कुणाला माहीत नाही. आम्हाला मिळाली तीही कॅसेट. माझे मामा भोसरीच्या एका कारखान्यात होते. तिथे मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. त्याने आपल्या घरच्या रेकॉर्डवरून भरून आणलेली ती कॅसेट जाताना मामांना दिली. मामा भक्तिगीतवाले. त्यांनी एक मिनिट ऐकली आणि मला देऊन टाकली. वर म्हणाले, "या माणसाला कुणीतरी बाहेर काढा रे."

होस्टेलच्या खोलीत आम्ही ती माझ्या टू-इन-वनवर ऐकायचो. दार लावून, कारण शेजारची मुलं चपला फेकायची. मूर म्हणजे दलदल, हे नील्यानेच डिक्शनरीतून शोधलं. आधी पाण्याचे थेंब, मग ऑर्गन, मग ड्रम. चिखलातून कुणी पाय उपसत यावं तसा. आणि मग तो आवाज. तुम्ही लिहिलंत तसाच, जड आणि संथ. आम्हाला वाटायचं, गाणारा साठीचा असेल. मी डोळे मिटले की खोलीची जमीन मऊ व्हायची. आम्ही कसलीही नशा करत नव्हतो, हे तुम्हाला म्हणून सांगतो. मेसच्या चहाच्या पुढे कधी गेलो नाही.

कॅसेट पुढे हरवली. नाहीतर लगेच पाठवली असती.

तुम्ही काळजी घ्या. रेवाला आशीर्वाद.

प्रताप


ॲथलोन
५ जानेवारी २०२५

प्रतापभावजी,
नमस्कार.

तुमचं पत्र ख्रिसमसच्या सुट्टीत मिळालं. रेवा घरी होती. तिला चप्पल फेकण्याचा भाग वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाबा हॅड अ फ्रेंड?" मग तो भाग मला पुन्हा वाचायला लावला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते.

आमच्या गावाबाहेर पडलं की दलदलच आहे. इथे बॉग म्हणतात. मैलोन्‌मैल तपकिरी जमीन, मध्ये काळं पाणी. हिवाळ्यात सकाळी तिच्यावर धुकं असतं आणि रस्ता कुठे संपला ते कळत नाही. मी रोज तिच्या कडेने शाळेत जाते. इंद्रनीलला ॲथलोनच्या टेलिकॉम कंपनीत नोकरी मिळाली तेव्हा डब्लिनचीही एक ऑफर होती. त्याने ही घेतली. मला तेव्हा कारण कळलं नव्हतं. तुमच्या पत्रानंतर जाता-येता त्या जमिनीकडे बघते.

आमच्या भिंतीला भिंत लागून नोएल म्हणून गृहस्थ राहतात. सत्तरीचे आहेत, एकटेच. चाळीस वर्षं बॉगवर पीट, म्हणजे जळणासाठीची दलदलीतली माती, काढायच्या मशीनवर होते. इथे माणूस गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना करतात, मंथ्स माइंड म्हणतात. आपल्या मासिक श्राद्धासारखंच. सप्टेंबरात नोएल सफरचंदाचा टार्ट घेऊन आले आणि म्हणाले, आज तुमच्या माणसाचा मंथ्स माइंड असता, तुम्ही काय करता ते मला माहीत नाही, म्हणून हे आणलं. आम्ही उभ्या उभ्याच चहा घेतला.

परवा त्यांनी विचारलं, "शनिवारचं ते संगीत आता नाही का?" मी म्हटलं, तुम्हाला ऐकू जायचं? ते म्हणाले, जायचं म्हणजे काय, भिंतीतून यायचं. त्यांच्याकडे रेडिओवर कायम मॅच चालू असते. पण तीन वाजता भिंतीतून ते सुरू झालं की ते रेडिओ बंद करायचे. म्हणाले, बॉगवर एकटं असताना दुपारी असाच आवाज यायचा, मशीन लांब असलं की.

एक गोष्ट आठवली, ती लिहिते. काही वर्षांपूर्वी खोलीचं दार नीट लागलं नव्हतं. फटीतून दिसलं, तो रेकॉर्डप्लेअरपाशी वाकून बसला होता, एक हात मशीनवर. आजारी माणसाजवळ बसावं तसा. मी चहा न विचारताच परत आले. त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला टोकाशी घट्टा होता. कीबोर्डमुळे असेल असं मला वाटायचं.

कॅसेट हरवली याचं वाईट वाटलं. तिथीप्रमाणे त्याचं वर्ष ६ ऑगस्टला येतं. पुण्याचे गुरुजी फोनवरून सांगतील तसं मी सगळं करीन. पण मनात होतं की त्या आठवड्यातल्या शनिवारी तीन वाजता घरात तो आवाज यावा. एकदाच. असो.

आपली,
उर्मिला


पुणे
१० फेब्रुवारी २०२५

उर्मिलावहिनी,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

कॅसेट हरवलेली नाही. सोबत पाठवतो आहे.

२००४ साली नील्या आयर्लंडला निघाला तेव्हा तो माझ्याकडे ती मागायला आला होता. मी म्हटलं, हरवली रे. ती तेव्हा माझ्या मागच्या कपाटात होती, तो बसला होता त्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. तो म्हणाला, "बघ ना पत्या, सापडेल." मी म्हटलं, "बघतो." त्याने सरबत संपवलं, ग्लास स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि गेला. नंतर दोन दिवाळ्यांना त्याचं कार्ड आलं. मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होतो?

का केलं ते सांगतो. त्या वर्षी माझी परदेशची नोकरी फिसकटली होती. तो सगळं घेऊन निघाला होता, नोकरी, व्हिसा, तुम्ही. मला वाटलं, एवढं तरी इथे राहू दे. बास. यापेक्षा मोठं कारण नाही. मी खूप शोधलं.

गंमत म्हणजे मीही ती परत ऐकली नाही. टू-इन-वन त्याआधीच भंगारात गेला होता, आणि दुसऱ्याकडे मशीन मागायची लाज वाटायची. वीस वर्षं ती पद्मिनीच्या शिवणाच्या डब्याखाली होती. परवा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं लपवलीत ती लपवलीत, आता पोस्टात जायलाही मीच हवी का?" मग खरंच तीच गेली. पाकीट तिने शिवलं आहे, म्हणून इतकं मजबूत आहे.

तुम्हाला हवा तो आवाज यात आहे. ऑगस्टला अजून वेळ आहे. मला माफ करा असं लिहिणार नाही. ज्याने करायचं तो नाही.

प्रताप


ॲथलोन
३० मार्च २०२५

प्रतापभावजी,

कॅसेट नीट पोचली. पद्मिनीवहिनींना सांगा, टाके उसवायला मला लॅबमधली कात्री आणावी लागली.

आमच्याकडे कॅसेट वाजवायचं काही नाही. नोएलच्या जुन्या व्हॅनमध्ये आहे. ते म्हणाले, ही व्हॅन आणि मी, दोघांनाही कुणी घेत नाही, म्हणून सगळं जुनं शाबूत आहे. शनिवारी आम्ही दोघं व्हॅनमध्ये बसून बॉगच्या कडेला गेलो. मीच सुचवलं. त्यांनी इंजिन बंद केलं. समोर धुकं होतं, त्यात दोन बगळे उभे होते. मी कॅसेट घातली.

थेंब. ऑर्गन. ड्रम. मग गाणारा.

नोएलनी मिनिटभर ऐकलं आणि मान हलवली. "दॅट्स नॉट इट ॲट ऑल," म्हणाले. मलाही कळलं होतं. तेच, रेकॉर्डसारखं. घाईतलं आणि पातळ. गाणं संपेपर्यंत बसलो, कारण मध्येच बंद करणं बरं वाटेना.

मी लॅबमध्ये काम करते, म्हणून विचार केला. कॅसेट बरोबर आहे. रेकॉर्डही बरोबर आहे. हळू होता तो तुमचा टू-इन-वन. त्याचा पट्टा सैल झाला असेल, किंवा मोटर दमली असेल. तुम्ही दोघांनी होस्टेलात जे ऐकलं ते त्या जर्मन लोकांनी वाजवलंच नव्हतं. ते फक्त तुमच्या खोलीत होतं.

म्हणजे तुम्ही जे ठेवून घेतलंत, त्यात ते नव्हतं. तुम्ही त्याचं काही नेलं नाही. हे मला तुम्हाला आधी सांगायचं होतं.

दुसरं, त्याचं बोट. घरी येऊन मी रेकॉर्ड लावली आणि फिरत्या थाळीच्या कडेला बोट टेकवलं. आवाज लगेच खाली बसला. तेरा वर्षं तो हेच करत होता. पण मला जमत नाही. जास्त दाबलं की गाणं रडायला लागतं, कमी दाबलं की पळतं. किती दाबायचं हे त्याच्या बोटाला ठाऊक होतं. मला जवळपास येतं, पण ते ते नसतं.

आता माझं सांगते. २०११ मध्ये त्याने रेकॉर्ड आणली त्या दिवशी मला खोलीत बोलावलं होतं. त्याने लावली. मी पाठमोरी होते, रेवाचे कपडे घडी करत. थोडं ऐकून मी हसले आणि म्हटलं, "खराब आहे का रे ही? आवाज ओढल्यासारखा येतोय." तो म्हणाला, "हो, असेल." सुई उचलली. त्यानंतर दार लागायला लागलं. मी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत आमचं भांडण असं झालं नाही. फक्त शनिवारी ते दार लागायचं.

मी बरोबर बोलले होते, हे आता कळतं. त्याने काही बरं वाटत नाही.

उर्मिला


पुणे
२८ एप्रिल २०२५

उर्मिलावहिनी,

तुमचं पत्र पद्मिनीने मोठ्याने वाचलं, मी ऐकलं. चष्मा असूनही मला अक्षरं दिसेनात.

मी शिकवतो इलेक्ट्रिकल, आणि टू-इन-वनचा पट्टा मला सुचला नाही! पोरांना कळलं तर वर्गात शिट्ट्या वाजतील. आम्ही साठीचा समजत होतो तो गाणारा विशीतला निघाला. नील्याला हे रेकॉर्ड लावल्याबरोबर कळलं असणार. आणि त्याने खरं ते सोडून आपलं ते ठेवलं. त्यासाठी बोट झिजवलं. असलं काम तोच करू जाणे.

तुम्ही हसलात त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. २००१ मध्ये तुमचं लग्न ठरलं तेव्हा त्याने मला लिहिलं होतं, ते पत्र कपाटात सापडलं. "मुलगी शांत आहे. कमी बोलते. कॅसेट तिला ऐकवावी का, भीती वाटते. हसली तर?" खाली लिहिलंय, "हसली तरी चालेल म्हणा. हसताना बरी दिसते." पत्राची झेरॉक्स सोबत आहे.

आता कामाचं. कॅसेटच्या डबीतलं कार्ड काढा. बाहेरून जर्मन माणसाचं अक्षर आहे. आतल्या घडीत नील्याचं आहे. रविवारी बारा वाजता मेसची घंटा व्हायची आणि उशीर झाला की गोड संपायचं. मी म्हणायचो, दुसरी बाजू पूर्ण ऐकून जाता येतं. तो म्हणायचा, नाही येत. शेवटी त्याने लॅबमधून स्टॉपवॉच आणलं आणि मोजलं. ते त्याने आत लिहून ठेवलं आहे, निळ्या पेनने. रेकॉर्डच्या मधल्या लेबलवरही वेळ छापलेला असेल. दोन्ही ताडून बघा.

बोट किती दाबायचं ते मला सांगता येणार नाही. पण गाणं किती वेळ चालायला हवं, ते त्याने लिहिलेलं आहे.

(त्या दिवशी श्रीखंड संपलं होतं. तोच बरोबर निघाला.)

प्रताप


ॲथलोन
१० ऑगस्ट २०२५

प्रतापभावजी,

बुधवारी वर्षश्राद्ध झालं. गुरुजी फोनवर होते, रेवा माझ्या बाजूला बसली होती. दर्भ तुम्ही पाठवलेले. कावळे इथे पुष्कळ आहेत, पण पहिला आला तो मॅगपाय, कावळ्याचाच काळा-पांढरा भाऊबंद. गुरुजी म्हणाले, चालेल.

कार्डाच्या आतल्या घडीत त्याचं अक्षर मिळालं. "बाजू दुसरी, २२ मि. ४० से. पत्या हरला." लेबलवर वीस मिनिटं पस्तीस सेकंद आहे. म्हणजे दोन मिनिटं आणि पाच सेकंद, एवढंच त्याने त्या गाण्याला जास्त दिलं होतं.

मे महिन्यापासून मी शनिवारी सराव करत होते. शाळेतलं स्टॉपवॉच आणलं. सुरुवातीला एकवीस मिनिटं आली, मग चोवीस. एकदा थाळी थांबलीच. बोट तापतं, मग कोपर टेकवून बसावं लागतं, वाकून. तो तसा का बसायचा ते तेव्हा कळलं. जूनमध्ये बावीस मिनिटं सतरा सेकंद झाली. माझ्या बोटालाही आता टोकाशी जरा कडक लागतं.

या सगळ्या शनिवारी पलीकडे नोएलचा रेडिओ चालू असायचा. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

काल तीन वाजता मी मागच्या खोलीत गेले. दार उघडं ठेवलं. दोन खुर्च्या आत आणल्या, एक मला, एक रेवासाठी. ती म्हणाली, "विल आय टाइम इट, आई?" मी मानेनेच हो म्हटलं. सुई ठेवली. थेंब पडले, ऑर्गन आला. मी बोट टेकवलं आणि डोळे मिटले. बाहेर पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. खोलीतला प्रकाश त्या कव्हरवरच्या जमिनीसारखा तपकिरी होता. ड्रम हळूहळू चालत आला. मला तुमची खोली दिसली, जी मी कधी पाहिलेली नाही. चपला आदळत होत्या. मग स्वयंपाकघर दिसलं, आणि तिथे काही चिरत उभी असलेली मी.

कॅसेट परत पाठवते आहे. ती तुमचीच आहे. कार्ड ठेवून घेतलं. त्याच्या पत्राची झेरॉक्स रेवाने तिच्या पाकिटात ठेवली आहे.

किती मिनिटं झाली ते मला सांगता येणार नाही, कारण रेवा घड्याळ लावायला विसरली आणि माझंही तिकडे लक्ष नव्हतं. पण गाणाऱ्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडचा रेडिओ बंद झाला.

उर्मिला